नाव न पुसणारे परकारभाई

परकारभाईंना कोणी 'अंकल' म्हटलेलं चालत नसे. वयाचा राग नव्हता. पांढरी दाढी ते मिरवायचे, मेंदी लावायचा आग्रह झाला तर पळून जायचे. राग होता तो त्या शब्दाचा.

"अंकल म्हणजे कोण?" ते विचारायचे. "या मस्कतमध्ये टक्कल पडलेला प्रत्येक इंडियन अंकल आहे. दुकानात हाक मारून बघ. चौघे वळतील, पाचवा मी. मग त्यातला कुठला हवा होता तुला?"

माझी त्यांची पहिली भेट झाली तेव्हा मी नवा होतो. टेबलाशी जाऊन म्हणालो, "नमस्कार, मी देसाई." त्यांनी स्क्रीनवरून मान उचलली नाही.

"कुठले?"

"देसाई... आजपासून जॉइन झालो."

"ते कळलं. देसाई हिंदूंत आहेत, आमच्यात आहेत, गुजरात्यांत आहेत, गोव्यात तर आहेतच आहेत. पूर्ण सांगा."

मी पूर्ण सांगितलं. माझं नाव, वडिलांचं नाव, गाव संगमेश्वरजवळचं, सध्या मुक्काम माबेला. तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हां. आता दिसलात."

त्यांचं स्वतःचं पूर्ण नाव इस्माईल परकार. रत्नागिरीच्या खाडीकाठचे. आयुष्याचा बराच भाग ओमानात गेला, पण भाषा खाडीकाठचीच राहिली. कामाचं बोलणं मराठीत, चिडणं कोकणीत, आणि संपवणं अरबीत. "खलास" म्हणाले की विषय संपला. "इन्शाल्ला" मात्र फारसं म्हणायचे नाहीत. ते म्हणायचे, "लोक इथे काम टाळायला अल्लाचं नाव घेतात. त्याला किती त्रास द्यायचा?"

मी कमी बोलणारा माणूस. ऑफिसात माझी ओळख 'ओके सर' अशी होती. म्हणून परकारभाईंबद्दल मी आजवर जे काही सांगत आलो ते त्यांच्या गमतींपुरतं. त्यातला माझा भाग गाळून. आज गाळत नाही.

आमची कंपनी छोटी. मस्कतच्या गाला भागात, एका टायरच्या दुकानाच्या वर. आम्ही शेतातल्या विहिरींवर बसवायचे डबे बनवायचो. बातिनाच्या किनाऱ्यावर शेतं अगदी समुद्राला लागून आहेत. विहिरीतून उपसा जास्त झाला की खालून खारं पाणी चढतं आणि बाग जळते. आमचा डबा विहिरीतल्या पाण्याची पातळी मोजायचा आणि ती उतरली की पंप बंद करायचा. पाणी मोजणारी चिपच सापडली नाही तर डबा पंप चालूच करायचा नाही. आंधळेपणी उपसण्यापेक्षा बंद बरा, असा हिशेब.

त्या डब्यात लिनक्स असतं. त्याच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. कर्नलला स्वतःहून काही दिसत नाही. डबा बनवतानाच त्याच्या आत लिहून ठेवावं लागतं की इथे अमुक नावाची चिप जोडली आहे. कर्नल ते नाव वाचतो, आणि ते नाव ओळखणारा ड्रायव्हर, म्हणजे ती चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, आपल्याकडे आहे का ते बघतो. ओळखणारा भेटला तर काम सुरू. नाही भेटला तर चिप समोर असून नसल्यासारखी. सगळा खेळ नावाचा. आणि नाव ठेवायचं काम परकारभाईंचं.

त्यांच्यासारखं नाव ठेवणं मी दुसऱ्या कुणाचं पाहिलं नाही. चिपच्या अंगावर छापलेलं पूर्ण नाव, कंपनीसकट, शेवटच्या अक्षरापर्यंत. आम्ही म्हणायचो, परकारभाई, या घराण्यातल्या सगळ्या चिपा सारख्याच आहेत, एकच आडनाव देऊन टाका. ते म्हणायचे, "सगळे परकारही सारखेच. माझ्या चुलतभावाला तुझ्या घरी पाठवतो, ठेवून घे आठवडाभर."

ही शिस्त त्यांना जन्मतः नव्हती. कधीकाळी त्यांनी एक ड्रायव्हर लिहून, जगभरचे कर्नलवाले एकमेकांचं काम तपासतात त्या ई-मेल यादीवर पाठवला होता. चिपच्या नावातले शेवटचे आकडे काढून तिथे दोन एक्स टाकले होते, म्हणजे पुढे येतील ती सगळी भावंडं त्यात बसतील. युरोपातल्या कुणा बाईने तो परत पाठवला. परकारभाई तो किस्सा असा सांगायचे, जणू त्यांना पुरस्कार मिळाला होता.

"मला म्हणाली, पुढे काय येणार आहे ते तुम्हाला आज कसं कळलं? मी दोन दिवस जेवलो नाही रे. बाई बरोबर होती! उद्या तीच कंपनी त्याच आडनावाची चिप काढेल आणि तिचा स्वभाव वेगळा निघेल. माझा ड्रायव्हर जाऊन तिच्या गळ्यात पडेल. चप्पल खाईल. मी नाव बदललं, परत पाठवलं. तिने घेतला."

"आणि जेवलात?"

"जुलेखाने वाढलंच नाही. म्हणाली, त्या बाईकडेच जा जेवायला."

जुलेखाभाभी म्हणजे त्यांच्या पत्नी. रुवीतल्या त्यांच्या घरी मी अनेकदा सांदणं खाल्ली. भाभींची तक्रार ठरलेली. नवऱ्याच्या फोनमध्ये त्यांचा नंबर 'जुलेखा परकार, घर, रुवी' असा होता. "बघा भाऊ, पत्त्यासकट. जशी काय मी बाजारात हरवणार आणि कोणीतरी आणून पोचवणार."

"दुसरी जुलेखा पण आहे ना फोनमध्ये," परकारभाई शांतपणे म्हणायचे.

"कोण ती?"

"दातांची डॉक्टर. इब्रीला बदलून गेली."

"मग तो नंबर अजून कशाला ठेवलाय?"

"एकदा दिलेलं नाव असं पुसत नाहीत."

भाभी माझ्याकडे बघायच्या. मी सांदणाकडे बघायचो.

एकदा गणपतीत मी त्यांना जेवायला बोलावलं. फोनवर पत्ता सांगितला: माबेला, मशिदीजवळ, पांढरी बिल्डिंग, वरचा मजला. जेवणाची वेळ झाली, पानं वाढली, तरी परकारभाई नाहीत. मी फोन केला.

"मी पोचलोय कधीचा," ते म्हणाले. "मशिदीजवळ, पांढरी बिल्डिंग, वरचा मजला. इथे गणपती नाही बसवलेला. पण कहवा फार चांगला आहे."

माबेलात ज्याला डोळे आहेत त्याला माहीत आहे की तिथे मशिदी पावलोपावली आहेत आणि झाडून सगळ्या बिल्डिंगा पांढऱ्या. परकारभाईंनी सांगितलेला पत्ता शब्दशः पाळला होता. पहिली मशीद दिसली, तिच्याजवळची पांढरी बिल्डिंग गाठली, वर जाऊन बेल वाजवली. दार एका ओमानी म्हाताऱ्याने उघडलं. पाहुणा दारात आला म्हटल्यावर त्याने काही विचारलंच नाही. आत नेलं, खजूर पुढे केला, कहवा ओतला. मी घ्यायला गेलो तेव्हा दोघे खाडीतल्या आणि समुद्रातल्या माशांची तुलना करत होते, आणि म्हातारा त्यांना सोडायला तयार नव्हता.

"बघ," गाडीत बसताना ते मला म्हणाले. "नाव ढिलं ठेवलं की काम अडत नाही. चालतं! फक्त भलत्याच्या घरी चालतं."

त्यांचा दुसरा हट्ट जुन्या नावांचा. नवी चिप आली की तिचं नाव पुढे, आणि जिच्यासारखी ती वागते त्या जुन्या चिपचं नाव मागे. त्यांनी मला हे समजावलं ते ऑफिसच्या वॉचमनसमोर उभं करून. "हा सालिम बिन खलफान. समज, दारावरचा माणूस सालिमला ओळखत नाही. ठीक आहे. पण खलफानला ओळखतो ना? मग खलफानचा मुलगा म्हणून तरी आत घेईल. म्हणून आधी स्वतःचं नाव, मागून बापाचं. आणि मुलगा नोकरीला लागला म्हणून बापाचं नाव खोडायचं नाही. बाप अजून जिवंत आहे, शेतात आहे."

शेत म्हणजे बातिनातलं सहम गाव. आमचे सगळ्यांत जुने डबे तिथे होते, परकारभाईंनी स्वतः बसवलेले. त्यातला एक उम्म सालिम, म्हणजे 'सालिमची आई', या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बाईच्या लिंबाच्या बागेत. वॉचमनचा आणि तिचा संबंध नाही. ओमानात सालिम पुष्कळ. ही उम्म सालिम नवऱ्यामागे एकटीने बाग सांभाळणारी, आवाजाने खणखणीत. तिच्या जिभेवर 'प' येत नसे, म्हणून ती त्यांना 'बरकार' म्हणायची. नावाबाबत इतका काटेकोर माणूस, पण तिला त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. डबा बसवला तेव्हा तिने विचारलं होतं, "बरकार, हे किती वर्षं चालणार?" आणि ते बोलून गेले होते, "मी ओमानात असेन-नसेन, हे चालेल." त्या एका वाक्याचं त्यांना फार ओझं होतं.

आता माझा भाग.

आमचे मॅनेजर जोसेफसाहेब. वाईट माणूस नव्हे, फक्त घाईतला. एका वसंतात त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं. "परकार का कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नहीं होगा. एज हो गया. उसका काम तुम देखोगे. अभी किसी को बोलना नहीं." मी म्हणालो, "ओके सर."

बाहेर आलो तर परकारभाई माझ्या टेबलावर केळ्याचे वेफर्स ठेवून गेले होते. मी ते खाल्ले. नंतरचे कितीतरी दिवस मी त्यांचे वेफर्स खाल्ले, त्यांच्या गाडीतून फिरलो, भाभींची सांदणं खाल्ली, आणि बोललो नाही. मॅनेजरने गप्प राहायला सांगितलं होतं हे खरं. पण मला गप्प राहणं आवडत होतं हे त्याहून खरं. त्यांच्या फाइली मी आता मालकासारख्या बघायला लागलो होतो. घर अजून रिकामं झालेलं नाही आणि नवा भाडेकरू खिडक्यांची मापं घेतोय, तसं.

त्या भरात मी साफसफाई काढली. परकारभाई आठवडाभराच्या सुट्टीवर गावी गेले होते. ड्रायव्हरमध्ये जुन्या चिपच्या नावाची एक ओळ होती. ती चिप बाजारात मिळत नव्हती, आमच्या चालू मालात नव्हती, ऑफिसातल्या कुठल्याही डब्यात नव्हती. मी ओळ काढली. ऑफिसातल्या सगळ्या डब्यांवर चालवून पाहिलं, सगळ्यांचे दिवे हिरवे. जोसेफसाहेब म्हणाले, गुड. नवं सॉफ्टवेअर बाहेर गेलं. जुन्या डब्यांनाही गेलं, कारण त्यांना पाठवू नका असं सांगणारे, ते डबे आठवणारे परकारभाई रत्नागिरीत आंबे उतरवत होते.

परकारभाई परतले त्या सकाळीच उम्म सालिमचा फोन आला. कंपनीला नाही, त्यांना. फोन कानापासून हातभर लांब धरला होता तरी मला ऐकू येत होतं. पंप बंद. लिंबं सुकताहेत. बरकार, तू म्हणाला होतास.

त्यांनी कोड उघडला, खाली-वर केला, थांबले. मग माझ्याकडे वळले. "देसाई, तू काढलीस?"

"हो."

"का?"

"कुणी वापरत नव्हतं."

"कुणी म्हणजे कोण?" एवढंच विचारलं. उत्तराची वाट न बघता गाडीची किल्ली उचलली. "यल्ला. चल."

सहमपर्यंतचा रस्ता सरळ आहे आणि उन्हाळ्यात तो थरथरतो. त्या प्रवासात माझ्या मनात काय होतं ते लिहितो. लिंबाची झाडं नव्हती. मला वाटत होतं की दुसरंच काहीतरी बिघडलेलं निघावं. वायर उंदराने खाल्लेली असावी. पंप जळालेला असावा. एका बाईची बाग त्यामुळे आणखी चार दिवस तहानली असती, तरी चाललं असतं, पण हा माणूस बरोबर निघू नये. ज्याची जागा आपण घेणार आहोत तो बरोबर असणं फार अवघड जातं.

परकारभाई मात्र मजेत होते. वाटेतल्या बरका गावाच्या पुढे टपरीवर थांबून चिप्स घातलेले पराठे घेतले. "खा. तिच्यासमोर रिकाम्या पोटी उभा राहू नकोस, चक्कर येईल."

उम्म सालिम फाटकातच उभी होती. मागे लिंबाची पानं आतल्या बाजूला वळली होती, मुठी मिटल्यासारखी. तिने परकारभाईंना अरबीत पुष्कळ सुनावलं. ते मान खाली घालून "सही, सही" करत होते. मग तिने माझ्याकडे बोट केलं आणि तिच्या बाजारहिंदीत विचारलं, "ये कौन?"

मी घशाशी आलेला पराठा गिळला. आता परकारभाई सांगणार, याने केलं. सांगायलाही हवं होतं.

"ये देसाई," परकारभाई म्हणाले. "संगमेश्वरवाला. माबेला में रहता है. इसने लाइन निकाला, यही डालेगा."

तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "डालो," ती म्हणाली, आणि सावलीत खुर्ची ओढून बसली. उठायच्या बेतात नव्हती.

मी डब्याला लॅपटॉप जोडला. उंदीर नव्हता, वायर शाबूत होती, पंप धडधाकट होता. पडद्यावर स्वच्छ लिहिलेलं होतं की या नावाची चिप ओळखीची नाही. जिच्यावर ते नाव होतं ती चिप तिथेच, दोन वीत खाली, पाणी मोजत बसलेली.

"तुम्ही घालता का, भाई?" मी म्हणालो.

"मी कशाला? तू काढलीस, तुझ्या बोटांना जागा माहीत आहे." आणि ते उम्म सालिमच्या शेजारी उकिडवे बसून खजूर खाऊ लागले. अधूनमधून ती काहीतरी विचारायची, ते उत्तर द्यायचे, दोघे हसायचे. माझ्यावर असणार.

मी ओळ परत घातली. नवा कर्नल बांधून डब्यात भरला. दिवा लाल, मग हिरवा. पंप खोकला, पाइपातून आधी हवा आली, मग गढूळ पाणी, मग नितळ. उम्म सालिमने ओंजळ धरली, चव बघितली आणि मान हलवली. गोडं होतं.

येताना तिने लिंबांची पिशवी दिली. माझ्या हातात दिली, परकारभाईंच्या नाही. त्यांना त्याचं जरा वाईट वाटलं. ते बरका येईपर्यंत सारखे पिशवीकडे बघत होते.

कॉन्ट्रॅक्टचं तेव्हा बोलायला हवं होतं. गाडीत आम्ही दोघंच. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "एसी वाढवू का?"

दुसऱ्या दिवशी बाकीच्या जुन्या डब्यांनाही ती ओळ पाठवून झाल्यावर मीटिंगमध्ये मी म्हणालो, "ओळ मी काढली होती, सर." जोसेफसाहेब म्हणाले, "डाल दिया ना वापस? खलास." एवढ्यावर सुटलो. थोड्या दिवसांनी परकारभाईंना रीतसर कळवण्यात आलं. त्यांनी केबिनमधून बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं की आता ते खाडीवर गळ टाकून बसणार आहेत. मला म्हणाले, "तू घेतोयस ना माझं काम? बरं झालं. कुणी देसाई नावाचा भलताच माणूस आला असता." मी हसलो. तेव्हाही बोललो नाही.

त्यांच्या शेवटच्या दिवशी, गुरुवारी, ऑफिसात केक होता. परकारभाई केकच्या आधी ड्रिल घेऊन आले. काखेत एक जुना डबा होता, सहमला कुठेतरी बदललेला, एक कोपरा चेपलेला.

"हा काय?" मी विचारलं.

"जुनी चिप आहे यात. जिवंत. तुझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावायचाय."

"भाई, ती ओळ मी आता कधीच काढणार नाही. वचन देतो."

"वचन देऊ नकोस. आणि इन्शाल्ला तर मुळीच म्हणू नकोस." ते शिडी उघडत होते. "नवं काहीही बाहेर पाठवायचं असेल तर आधी याच्यावर चालव. हा उठला तर पाठव. नाही उठला तर नाही. मग तू चांगला माणूस असलास काय आणि नसलास काय, लिंबांना फरक पडायला नको. धर शिडी."

मी शिडी धरली. ते वर चढले, भोकं पाडली. भिंतीची भुकटी उडून त्यांच्या दाढीत बसली. स्क्रू ओठांत धरून त्यांनी डबा भिंतीला लावला. खाली लोक केकभोवती जमले होते, कुणी आमच्याकडे बघत नव्हतं.

"परकारभाई," मी म्हणालो, "तुमचं रिन्यू होणार नाही हे मला तुमच्या आधी माहीत होतं. उन्हाळ्याच्याही आधी. तुमची ओळ काढली तेव्हा माहीत होतं. सहमला जाताना गाडीत माहीत होतं."

त्यांच्या तोंडात स्क्रू होते. त्यांनी खाली बघितलं. ओठ घट्ट मिटलेले, वर ती पांढरी भुकटी. चिडले होते की हसू दाबत होते, मला आजही सांगता येणार नाही. मग त्यांनी ओठांतला एक स्क्रू काढला, बसवला, आवळला. दुसरा काढला, बसवला, आवळला. घाई नव्हती.

त्यांनी डब्याला वीज दिली. दिवा लाल झाला. लालच राहिला. मग हिरवा झाला, आणि तो नीट बघायला मी शिडी सोडून पुढे वाकलो.

"सोडतोस काय मेल्या!" परकारभाई वरून ओरडले. "एक स्क्रू राहिलाय अजून."